गाईची फॅट म्हशीला

चहा घ्या आधी, आणि एक अट ऐकून ठेवा. मी सांगत असताना मध्ये हसायचं नाही. शेवटी काय हसायचं ते पोटभर हसा, पण मध्ये कुणी खुदकन जरी केलं ना, तर मी उठून जाईन! हा किस्सा माझ्याच शहाणपणाचा आहे. एका दमात सांगितला तरच सांगून होईल, नाहीतर माझीच हिंमत जाईल.

तर मी प्रोग्रामर. कंपनी पुण्यात, आणि मी बसते पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात, घराच्या वरच्या खोलीत. तिथंच तेवढी रेंज येते. नवरा, संदीप, नगरच्या एमआयडीसीत. त्याची शिफ्ट अशी की आम्ही दोघं एकाच वेळी जागे असलो तर सण समजायचा. म्हणजे घरात खऱ्या अर्थानं दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणते.

आत्या म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी कळलं पाहिजे. गावातली बायकांची दूध संस्था त्यांनी उभी केली. घरोघर फिरल्या, एकेकीला पटवलं, एकेकीच्या नवऱ्याला दम दिला. ‘बायकांची संस्था, चार दिवसांत झिंज्या धरतील एकमेकींच्या’ असं म्हणणारे बाप्ये आज त्याच केंद्रावर बायकोच्या नावानं दूध घालायला मुकाट रांगेत उभे राहतात. आणि संस्थेचा नियमही आत्यांचाच. दुधात पाणी सापडलं, तर पहिल्यांदा तंबी. दुसऱ्यांदा केंद्रातल्या फळ्यावर नाव. तिसऱ्यांदा दूध बंद, कायमचं!

“मंग ती माजी सख्खी बहीन का असंना,” असं आत्यांनी भर सभेत सांगितलेलं. त्यांची सख्खी बहीण समोरच बसली होती. ती पुढं दोन महिने बोलत नव्हती.

या संस्थेत फॅट काढायचं एक यंत्र आहे. दुधाचा नमुना लावला की किती फॅट लागली तो आकडा येतो. म्हशीच्या दुधाला सातच्या आसपास, गाईच्या दुधाला साडेतीन-चार. म्हशीच्या दुधाला गाईएवढी फॅट लागली, तर समजायचं की विहिरीनंही हातभार लावलाय. तर या यंत्राचा स्वतःचा छोटा पडदा एक दिवस बंद पडला. आतलं सगळं ठणठणीत, पण आकडाच दिसेना. विकणारा म्हणाला, नवीन घ्या.

मी गप्प बसते का? “नवीन कशाला? मी करून देते!”

मला कुणी विचारलं होतं का? नाही! पण मी एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. साबणाच्या वडीएवढा एक स्वस्तातला कॉम्प्युटर मागवला, यंत्राला जोडला, आणि भिंतीवर भलीमोठी दिव्यांची पाटी लावली. संस्थेच्या सचिव मंदाकाकू यंत्रावर बसणार, नमुना लावणार, आणि पाटीवर झळकणार नाव आणि फॅट. चष्म्याशिवाय, रांगेच्या शेवटच्या बाईलाही दिसेल असं.

नारळ फुटला, पेढे वाटले, आणि कुणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन शब्दांवर थांबणारी आहे का!

“आता वशिला नाही, मर्जी नाही. मशीन कुणाचं तोंड बघत नाही! आणि एका खेपेला तपासणी एकदाच. परत लावा, पुन्हा बघा, असले लाड बंद. तशी सोयच मी ठेवलेली नाही.”

“अन् आकडाच चुकला तर?” मागून हमीदाभाभींनी विचारलं.

“चुकणारच नाही, भाभी. आतलं सगळं ॲटॉमिक आहे.”

“या अल्ला! मंग लेकरं लांब ठिवायची का?”

सगळ्या हसल्या. मी हात वर करून गप्प केलं. म्हटलं, अहो, स्फोटाचं काही नाही. ॲटॉमिक म्हणजे आकडा कधी अर्धवट लिहिला जाणार नाही. लिहिला तर पुरता, नाहीतर मुळीच नाही. हे सोळा आणे खरं होतं बरं का! माणूस खरं बोलूनही किती माती खाऊ शकतो, तेच तर सांगतेय तुम्हाला.

या हमीदाभाभी म्हणजे आत्यांची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नवरी म्हणून आल्या, एकाच आळीत. भाभींकडं एक जर्सी गाय, आत्यांकडं चंद्री नावाची म्हैस. रोज सकाळी दोघी कॅन घेऊन बरोबर निघणार, वाटेत सगळ्या गावाचा समाचार घेणार, आणि केंद्रावर एकीमागं एक उभ्या राहणार. कधी ही पुढं, कधी ती. गावात बाकी सगळ्यांच्या गायीच. म्हशीचं दूध घालणाऱ्या एकट्या आमच्या आत्या.

पाटी लागली, आणि थोडे दिवस मी गावात अशी मिरवले, विचारू नका. मग एका सकाळी मी कंपनीच्या मीटिंगमध्ये असताना खाली कॅन आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आत्या ओट्यावर बसलेल्या, आणि कॅन भरलेला.

“काय झालं आत्या? केंद्र बंद होतं?”

“चालू हुतं. माजं दूध परत केलं. तंबी मिळाली मला.”

“तुम्हाला?”

“तुझ्या पाटीवर आलं. साडेतीन फॅट. चंद्रीच्या दुधाला.”

आता कुठल्याही शहाण्या सुनेनं काय म्हणायला हवं होतं? ‘मशीन बिघडलं असेल आत्या, बघते मी.’ बस्स, एवढंच! पण मी काय म्हटलं माहितीये?

“मशीन खोटं बोलत नाही हो.”

आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला माझं माहेर आठवलं. “मंग खोटं म्या बोलते व्हय?”

“तसं नाही आत्या, पण...”

त्या ‘पण’नं घात केला. दोन दिवस आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण माझ्या प्रोग्राममध्ये चूक असेल, हा विचार? छे! मी तो घरच्या लॅपटॉपवर लाखो वेळा चालवून बघितला होता. एकदाही चुकला नव्हता.

त्याच आठवड्यात उलटंच नवल झालं. त्या दिवशी आत्या रांगेत पुढं होत्या आणि भाभी मागं. भाभींच्या जर्सीला फॅट लागली सात! म्हशीची फॅट, गाईला! गावात बातमी पसरायला वेळ लागतो का? संध्याकाळी भाभींच्या गोठ्यात ही गर्दी. कुणी विचारतंय काय खायला घालता, कुणी म्हणतंय हिची कालवड आमच्यासाठी राखून ठेवा. भाभींनी गाईच्या पायात काळा दोरा बांधला आणि तिला नजर लागू नये म्हणून गर्दीकडं पाठ करून उभी केली. मलाही बोलावलं.

“वर्षाबेटा, तूच सांग यांना. मशीन खरं ना?”

“शंभर टक्के,” मी म्हटलं. भर गर्दीत! त्या गाईच्या पाठीवर हात ठेवून!

आणि पुढच्याच आठवड्यात आत्यांच्या दुधाला पुन्हा गाईची फॅट लागली. दुसरी वेळ, म्हणजे फळ्यावर नाव. मंदाकाकू खडू घेऊन फळ्यापुढं उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “अक्का, मला न्हाई व्हायचं.” तर आत्यांनी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, ठळक अक्षरात. का, तर नियम त्यांनीच केलेला.

हे मला मंदाकाकूंनी फोनवर रडत सांगितलं. आणखी एकदा असा आकडा आला, की ज्या बाईनं संस्था उभी केली तिचंच दूध संस्थेत बंद होणार. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “व्हईल ते व्हईल. नियम काय माझ्यापुरता वाकवायचा?” मी ठरवलं, याचा छडा लावल्याशिवाय राहायचं नाही. आता बघा, मी किती ठाम होते, आणि कुठल्या दिशेनं!

मी वरच्या खोलीत बसून विचार केला. मशीन चुकत नाही, हे पक्कं. मग आत्यांच्या दुधातली फॅट जाते कुठं? आणि भाभींच्या गाईला येते कुठून? अहो, उघड आहे की! दोघी मैत्रिणी, रोज बरोबर जातात. वाटेत कॅनची अदलाबदल होतेय! भाभी चलाख, आमच्या आत्या भोळ्या. आत्या आणि भोळ्या! असा विचार करणारी सून तुम्ही कधी पाहिलीत का?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उठले, अंगावर शाल घेतली, आणि केंद्राच्या वाटेवर घायपाताच्या बेटामागं जाऊन दबा धरून बसले. घायपाताचे काटे कसे असतात माहितीये ना? पाठीत एक, दंडात एक, आणि एक सांगण्यासारख्या जागी नाही. पण मी हलले नाही. थोड्या वेळानं दोघी आल्या, बोलत बोलत. मी मान उंच करून बघायला लागले, तर नेमक्या त्या थांबल्या.

“कोन हाय तिकडं?” भाभींचा आवाज.

मी श्वास रोखला.

“अगं, ती तर तुझी सून हाय!”

“वर्षा?” आत्या म्हणाल्या. “तू हितं काय करती?”

काय सांगणार? तुमच्यावर पाळत ठेवतेय? मी जी मान खाली घातली ती वर काढलीच नाही. भाभींनीच आपल्या मनानं अर्थ लावला आणि आवाज एकदम मऊ केला.

“पोट बिघडलंय का बेटा? बस, बस. आमी न्हाई बघत.”

“घरात संडास बांधलाय की!” आत्या कळवळल्या. “फरशी बशिवली, नळ घेतला. अन् इंजिनेर सून घायपातात!”

दुपारपर्यंत गावभर झालं. अंगणवाडीच्या बाई घरी येऊन मला स्वच्छतेचं महत्त्व सांगून गेल्या. दोन तास. चहा मीच केला. संध्याकाळी भाभींनी ओव्याचं पाणी पाठवलं, तेही मुकाट प्यायले. आणि एवढं करून अदलाबदलीचा पुरावा? काही नाही! दोघींनी कॅन एकदाही खाली ठेवला नव्हता.

आता माझं डोकं फिरलं होतं. मी आत्यांपुढं जाऊन उभी राहिले. “उद्या चंद्रीची धार मी काढणार. कॅन मी नेणार. तुम्ही हात लावायचा नाही.”

“तू?”

“मी!”

“तुला म्हशीची पुढची बाजू कुठली अन् मागची कुठली ते तर म्हाईत हाय का?”

धार कशी काढली, ते विचारू नका. चंद्रीनं मला एकदा शेपटीनं हाणलं, एकदा लाथेनं ढकललं आणि एकदा नुसतंच वळून बघितलं. शेवटचं सगळ्यात लागलं. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या, हाताची घडी घालून. शेवटी त्यांना राहवलं नाही. लांबूनच ‘च्च च्च’ करून त्यांनी चंद्रीला समजावलं, तेव्हा कुठं ती मला दूध द्यायला तयार झाली. पण दूध मी काढलं, कॅनचं झाकण मी लावलं, आणि अख्खी वाट कॅन मी उराशी धरून नेला. आत्या आणि भाभी माझ्या मागून, मी नवरी असल्यासारख्या.

केंद्रावर भाभी म्हणाल्या, “माजं आधी लावू दे गं, गाईला पानी दाखवायचंय.” त्या पुढं झाल्या. त्यांच्यामागं मी. भाभींचा नमुना लागला, पाटीवर आकडा आला, मला कुठलं भान! मी कॅन मंदाकाकूंपुढं ठेवला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, “आज बघाच आता!”

बघितलं सगळ्यांनी. पाटीवर आत्यांचं नाव, आणि खाली तीन पॉइंट आठ.

रांगेतल्या बायका पाटीकडं बघायच्या, मग माझ्याकडं बघायच्या. मग रांगेतून कुणीतरी हळूच म्हटलं, “सुनंनं घातलं वाटतं पानी.”

“मी नाही घातलं!” मी ओरडले. “मी स्वतः काढलंय दूध! परत लावा! मंदाकाकू, परत लावा ना!”

“परत लावायची सोयच न्हाई ना, बाई,” मंदाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. “तूच काढली ती.”

आणि भाभी, बिचाऱ्या, मला धीर द्यायला म्हणाल्या, “जाऊ दे बेटा. माजी बी आज तेवढीच लागली. तीन पॉइंट आठ. सारखीच हाय आपली.”

आत्या पुढं आल्या. माझ्यासमोरचा कॅन उचलला. “तिसरी खेप हाय. माजं दूध बंद करा मंदा,” म्हणाल्या, आणि चालू लागल्या. ताठ मानेनं! मी त्यांच्यामागं. वाटभर मला रडू येत होतं. जी बाई मला सून म्हणून आणल्यावर गावाला सांगत फिरली की ‘आमची वर्षा लई हुशार’, तिचं नाव मी घालवलं होतं, आणि तेही तिच्या म्हशीचं दूध माझ्या हातानं काढून.

घरी येऊन मी ते दूध तापवलं. वर साय आली, बोटभर जाड! ते दूध मी काढलं होतं, पाण्याचा थेंब नव्हता त्यात. म्हणजे आत्या निर्दोष, भाभी निर्दोष, चंद्री निर्दोष. आता उरलं कोण? आणि तेव्हा भाभींचं बोलणं माझ्या कानात वाजलं. तीन पॉइंट आठ. सारखीच.

सारखीच कशी असेल? ती तर भाभींचीच फॅट होती! पाटीनं नाव बदललं होतं, आकडा आधीच्या बाईचाच ठेवला होता!

मी जिना चढले की उडी मारली, आठवत नाही. प्रोग्राम उघडला आणि बघितलं. आता थोडं समजून घ्या, अवघड नाही. त्या वडीएवढ्या कॉम्प्युटरच्या आत माझे दोन कामकरी. एक लिहिणारा, एक वाचणारा. लिहिणारा यंत्राकडून फॅट घेतो, ती एका जागी लिहितो, आणि मग शेजारी एक खूण करतो, ‘आलाय नवा आकडा, वाच’. वाचणारा त्या खुणेकडं टक लावून बसलेला. खूण दिसली रे दिसली की तो आकडा उचलतो आणि पाटीवर टाकतो. आकडा ॲटॉमिक, खूण ॲटॉमिक. दोन्ही अर्धवट होणार नाहीत, हे मी भाषणात सांगितलं होतं, आणि तसंच होतं.

पण आकडा आधी दिसेल आणि खूण नंतर, असं कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! ते आपण मागून घ्यावं लागतं. न मागता मिळत नाही. आणि मी काय मागितलं होतं? ‘रिलॅक्स्ड’. म्हणजे, ‘बाबा, क्रमाचं काही बंधन नाही, तुला सोयीचं पडेल तसं कर.’ माझा लॅपटॉप शिस्तीचा, तो न सांगताही क्रम पाळत होता, म्हणून लाखो वेळा पास! ती स्वस्तातली चिप मोकळ्या स्वभावाची. तिनं कधीमधी खूण आधी दाखवली आणि आकडा मागून. वाचणाऱ्यानं खूण बघून हात घातला, तर तिथं अजून आधीच्याच बाईचा आकडा. सगळ्या गावाचे आकडे असे चुकत होते. पण गाईमागं गाय असली तर कुणाला कळणार? गाईमागं म्हैस एकच होती, आमची.

आणि मी ‘रिलॅक्स्ड’ का लिहिलं होतं? वेग वाढावा म्हणून! अहो, ज्या केंद्रावर बायका अर्धा तास आधी येऊन गप्पा मारतात, मंदाकाकू दर तीन नमुन्यांनी पदरानं घाम पुसतात, तिथं मी सेकंदाच्या अब्जाव्या भागाची बचत करत होते! कुठं निघाली होती ती फॅट एवढ्या घाईनं?

दुरुस्ती केवढी? दोन शब्दांची. लिहिणाऱ्याच्या बाजूला ‘रिलीज’, म्हणजे आधीचं सगळं लिहून झाल्याशिवाय खूण करायची नाही. वाचणाऱ्याच्या बाजूला ‘अक्वायर’, म्हणजे खूण दिसेपर्यंत पुढचं काही वाचायचं नाही. झालं! हे सगळं उमगेस्तोवर दिवस कलला होता. मी तशीच केंद्रावर धावत गेले. केंद्र संध्याकाळच्या दुधासाठी नुकतंच उघडलं होतं. नवीन प्रोग्राम घातला, परत तपासणीची सोय पण ठेवली, आणि मंदाकाकू “काय करती, काय करती” म्हणेपर्यंत घरी आले. काही सांगायला थांबलेच नाही. कारण हे असं एकीच्या कानात सांगायचंच नव्हतं. माझी चूक मी सगळ्या संस्थेसमोर कबूल करणार होते, आजच्या आज, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, नीट, सविस्तर! ठरवलं म्हणजे ठरवलं.

फोन हातात घेतला आणि सुरुवात म्हणून पहिला मेसेज टाकला:

‘भगिनींनो, दुधातल्या पाण्याचा छडा लागला आहे. दोष आमच्याच घरातला निघाला. सगळ्यांची हात जोडून माफी मागते. सविस्तर लिहीत आहे.’

आणि सविस्तर लिहायला बसले. आता मेमरी ऑर्डरिंग, म्हणजे हा आधी-नंतरचा घोळ, बायकांना समजेल अशा मराठीत लिहायचं म्हणजे वेळ लागणारच ना? मी लिहितेय, खोडतेय. चिपला काय म्हणावं, खुणेला काय म्हणावं. तेवढ्यात संदीपचा फोन.

“वर्षा, आई कशी आहे? रडतीये का?”

“आत्या रानात गेल्यात. का?”

“मंदाकाकूंचा फोन आला होता. आईनं पाणी कबूल केलं म्हणे!”

“कुणी सांगितलं?”

“तूच टाकलंयस ग्रुपवर!”

“अरे, ते नाही रे! पुढचा मेसेज येतोय! ठेव फोन, लिहू दे मला!”

फोन ठेवला तोवर खाली गलका. खिडकीतून बघते तर अंगणात सगळी आळी. मंदाकाकू, त्यांच्यामागं आठ-दहा जणी, आणि आत्या नुकत्याच रानातून आलेल्या, डोक्यावरचा गवताचा भारा अजून उतरवलेला नाही. हमीदाभाभी त्यांच्या गळ्यात पडून रडतायत.

“एवढी अडचन हुती तर मला सांगायचं गं! पानी कशाला घालायचं? माज्या गाईचं दूध दिलं आसतं तुला!”

आत्यांनी भारा खाली टाकला. “म्या काय कबूल केलं म्हनं?”

“घरातलाच दोष निघाला, असं सुनंनं लिवलंय,” मंदाकाकू म्हणाल्या. “पानी नेमकं कधी घातलं ते मागनं लिहिनार हाय.”

मी जिन्यावरून खाली कशी आले मला माहीत नाही. हातात फोन, निम्मा मेसेज तसाच, आणि श्वास लागलेला. “मी! मी! दोष माझा! घरातला दोष म्हणजे मी! आत्यांनी पाण्याचा थेंबही घातलेला नाही. पाटी आधीच्या बाईचा आकडा दाखवत होती. प्रोग्राम मी चुकवला, मी!”

भाभींनी डोळे पुसले आणि फार हळू आवाजात विचारलं, “म्हंजे माजी गाय सादीच हाय?”

“साधीच आहे, भाभी.”

“अन् म्या तिला रोज गूळ घालते!”

अंगणात जो हशा पिकला, तो थांबेना. चंद्रीच्या संध्याकाळच्या धारेचा कॅन घेऊन सगळा मोर्चा केंद्रावर गेला. भाभींच्या मागं आत्या. नमुना लागला. सात पॉइंट दोन! मंदाकाकूंनी पुन्हा लावला, सात पॉइंट दोन. हौस म्हणून आणखी एकदा लावला. मग त्यांनी पदर ओला करून फळ्यावरचं आत्यांचं नाव पुसलं, आणि आत्यांनी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मान वळवून डोळ्याला पदर लावला. मी पुढं होऊन त्यांचे पाय धरले, तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. नेमकं काटा मोडला होता तिथंच धरलं, पण मी ओरडले नाही.

घरी परत येताना त्यांनी विचारलं, “यंत्राचं नेमकं काय चुकलं हुतं गं?”

“काही नाही हो आत्या. आकडा लिहून व्हायच्या आत ‘आकडा आला’ म्हणून खूण दिसायची. मग लोक जुनंच वाचायचे.”

आत्या चालता चालता थांबल्या. माझ्याकडं बघितलं. हातातल्या फोनकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. आणि मला, त्यांनी तोंड उघडायच्या आधीच, कळलं. चिपनं जे केलं तेच, तस्संच, अगदी त्याच क्रमानं, मी दुरुस्तीनंतर तासाभरात सगळ्या गावात करून दाखवलं होतं!

त्या संध्याकाळी संस्थेची तातडीची बैठक झाली आणि एकमतानं ठराव झाला. ग्रुपच्या ॲडमिन आता आत्या. मी काहीही लिहिलं की फोन आधी त्यांच्या हातात द्यायचा. त्या चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचतात, “झालं का सगळं लिवून?” असं दोनदा विचारतात, आणि मगच बटण दाबतात. परवा मी नुसतं ‘शुभ सकाळ’ टाकायला गेले, तर विचारतात, “अन् फुडं?”

तर असं आहे बघा. त्या स्वस्तातल्या चिपला वळण लावायला दोन शब्द पुरले. मला मात्र अख्खी सासू बसवावी लागली!